अर्धी सही: द्राक्षाच्या पॅकहाऊसमधल्या एका ताईंचं प्रकरण

ज्यांच्याबद्दल हे लिहिलंय त्यांनी मजकूर वाचून परवानगी दिली आहे. गाव, घरची माणसं आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, काही गाळले आहेत. पॅकहाऊसवर सगळे त्यांना ‘ताई’ म्हणतात. इथेही तेच ठेवते. मी नाशिकमध्ये समुपदेशन करते. या प्रकरणात माझ्याही हातून काही चुका झाल्या, त्या झाकलेल्या नाहीत.

पार्श्वभूमी

ताई तेव्हा ३७ वर्षांच्या होत्या. माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. शिक्षण बीएस्सी अ‍ॅग्री. सासर नाशिकमध्ये, पंचवटीच्या बाजूला. यजमान अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टला, मुलगा आठवीत, घरात सासूबाई. अकरा वर्षं त्या मुंबई-आग्रा हायवेलगतच्या एका द्राक्ष निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटी बघत होत्या. पगार महिना ३२ हजार.

द्राक्षाशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की चार-साडेचार महिन्यांत माल काढणीला येतो. जानेवारी ते एप्रिल हा खरा हंगाम. युरोपला माल पाठवायचा तर बाग आधी नोंदवावी लागते. प्लॉटला नंबर मिळतो, काढणीआधी त्याच प्लॉटमधून सॅम्पल घेऊन फवारलेल्या औषधांचे अंश लॅबमध्ये तपासतात, आणि तो नंबर पेटीबरोबर पार युरोपातल्या रॉटरडॅम बंदरापर्यंत जातो. तिकडे काही सापडलं तर पेटीवरून उलटं येत थेट बागेपर्यंत पोचता येतं. या साखळीची एक कडी पॅकहाऊसच्या गेटवर असते, ती म्हणजे एक रजिस्टर. त्यात शेतकरी, प्लॉट नंबर, क्रेटची संख्या, वजन, ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप, मण्याचा आकार, आणि शेवटच्या रकान्यात तपासणाऱ्याची सही. क्रेट आत गेले की बायका टेबलावर कात्रीने खराब मणी काढतात, पनेट, म्हणजे छोटे प्लास्टिकचे डबे, भरले जातात, माल थंड करायला प्रीकूलिंगला जातो. एकदा का तो टेबलावर मिसळला, की कोणता घड कोणाच्या बागेतला हे देवालाही सांगता येणार नाही. म्हणजे सगळा भरवसा त्या शेवटच्या रकान्यावर, आणि तो रकाना ताईंचा.

मालकांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात. २०१३ मध्ये यजमानांचा आधीचा कारखाना बंद पडला. सहा महिने घरात पगार नव्हता, पोरगं तीन वर्षांचं. भाऊंची ताईंच्या वडलांशी जुनी ओळख. त्यांनी स्वतः फोन करून बोलावलं, अर्ज-मुलाखत काही नाही. पुढे मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याचं बिल भाऊंनी परस्पर भरलं आणि पगारातून कधी कापलं नाही. ही गोष्ट ताईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितली, आणि नंतर प्रत्येक भेटीत पुन्हा सांगितली. तिचं वजन मला उशिरा कळलं.

अडचण काय घेऊन आल्या

फेब्रुवारी २०२४ चा शेवट. फोनवर त्या म्हणाल्या, ‘मॅडम, स्ट्रेस मॅनेजमेंटचं काही करता ना तुम्ही?’ झोप तुटक, अ‍ॅसिडिटी, मुलावर विनाकारण ओरडणं, जेवताना गप्प. डॉक्टरांकडे तपासण्या झालेल्या, सगळ्या नॉर्मल.

तो हंगाम होताही वाईट. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली, निफाड-पिंपळगाव पट्ट्यात कित्येक बागा हातच्या गेल्या. निर्यातीच्या दर्जाचा माल शोधत फिरावं लागत होतं. त्यातच तांबड्या समुद्रातले हल्ले सुरू झाल्याने जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. नाशवंत मालाला तेवढे दिवस फार झाले. कंटेनरची तारीख हुकली की पुढची कधी मिळेल सांगता येत नव्हतं. ताई सकाळी आठला जायच्या, रात्री दहा-अकराला घरी.

मी मनात लगेच निदान करून टाकलं: हंगामी थकवा. एप्रिल संपला की ओसरेल. पण त्यांनी एक वाक्य बोलता बोलता टाकलं होतं आणि मी ते नुसतं लिहून घेतलं, ऐकलं नाही. ‘सुट्टीच्या दिवशी जास्त त्रास होतो. कामावर असले की बरी असते.’ थकलेल्या माणसाला सुट्टीने बरं वाटायला हवं. ज्याला सुट्टीत जास्त त्रास होतो त्याच्या मागे काहीतरी लागलेलं असतं, आणि रिकामा वेळ मिळाला की ते गाठतं.

पत्ते मांडले, डाव फसला

माझ्याकडे मूल्यांचे पत्ते आहेत. साठेक शब्द, एकेका पत्त्यावर एकेक. माणसाने त्यातून आपले पाच निवडायचे. ही कल्पना जुनी आहे. मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये अशीच एक मांडणी दिली होती, अठरा साध्य-मूल्यं आणि अठरा साधन-मूल्यं, क्रम लावा म्हणून. प्रशिक्षणात हा खेळ छान रंगतो.

ताईंनी चार मिनिटांत पाच पत्ते उचलले. कुटुंब, प्रामाणिकपणा, कष्ट, आदर, समाधान. पत्ते बघून मला त्यांची शाळा दिसली. ताईंच्या पिढीने सकाळी परिपाठ आणि मूल्यशिक्षणाचा तास केलाय. श्रमप्रतिष्ठा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता हे शब्द फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रंगीत खडूने लिहिलेले. कोणी ‘तुमची मूल्यं कोणती’ विचारलं की तो फळाच बोलायला लागतो. यात खोटेपणा नाही. फक्त ते उत्तर त्या बाईचं नसतं.

नाशिक काय नि पुणे काय, मूल्यांच्या नावाखाली कंपन्यांमध्ये जी शिबिरं होतात ती बहुतेक या फळ्यापाशीच संपतात. शब्द निवडले, फ्रेम केली, कॅन्टीनमध्ये लावली.

दुसऱ्या भेटीला मी पत्ते बाजूला ठेवले आणि एक साधा तक्ता दिला. केली विल्सन या मानसशास्त्रज्ञाच्या प्रश्नावलीचा तो घरगुती अवतार. आयुष्यातली क्षेत्रं लिहायची: कुटुंब, नवरा-बायकोचं नातं, काम, तब्येत, मैत्री, शिकणं वगैरे. समोर दोन रकाने. पहिल्यात हे मला किती महत्त्वाचं, एक ते दहा. दुसऱ्यात गेल्या आठवड्यात मी त्याप्रमाणे किती वागले, एक ते दहा. खरी मजा दुसऱ्या रकान्यात असते, कारण गेला आठवडा डोळ्यासमोर असतो. तिथे फळा बोलू शकत नाही.

कुटुंब: १० आणि ३. तब्येत: ७ आणि २. हे अपेक्षितच होतं. काम: ८ आणि ३.

रोज चौदा तास राबणारी बाई कामाच्या पुढे ३ लिहिते? मला वाटलं रकाना चुकला. विचारलं तर म्हणाल्या, ‘नाही, बरोबर आहे. काम होतंय. पण माझं होत नाहीये.’ आणि घड्याळ बघून उठल्या.

अर्धी सही

तिसऱ्या भेटीला, मार्चच्या मध्यावर, मी म्हटलं, मला तुमचं चांगलं झालेलं काम दाखवा. तक्रार नको, ज्याचं तुम्हाला बरं वाटतं ते. त्यांनी मोबाईल काढला. रजिस्टरच्या पानांचे फोटो त्या रोज रात्री काढून ठेवायच्या, वही भिजली-हरवली तर असावेत म्हणून. एकेक पान सरकवत सांगायला लागल्या: हा शेतकरी किती नीट माल आणतो, या लॉटचा ब्रिक्स बघा, इथे मी तीस क्रेट परत पाठवले, भाऊ चिडले होते पण नंतर म्हणाले बरं केलंत.

त्यांची सही मोठी आहे. आडनावाचं शेवटचं अक्षर लांब ओढून खाली एक रेघ, रेघेवर दोन टिंबं. पानामागून पान तीच सही. मग एका ओळीत नुसती दोन आद्याक्षरं. रेघ नाही, टिंबं नाहीत.

‘ही दुसऱ्या कोणाची?’ मी विचारलं.

त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला. बराच वेळ बघत राहिल्या. मग मागची पानं सरकवली. आणखी एका ठिकाणी तीच दोन अक्षरं. मग फोन पालथा ठेवला.

‘माझीच आहे,’ म्हणाल्या. ‘मला माहीतच नव्हतं मी अशी केलीये.’

मग सगळं बाहेर आलं. फेब्रुवारीतल्या एका रात्री कंटेनर भरायला साठ क्रेट कमी पडत होते. एका नोंदणीकृत शेतकऱ्याच्या भावाची बाग लागूनच होती. तिची नोंदणी नव्हती, सॅम्पल घेतलेलं नव्हतं. माल त्या बागेतून आला आणि रजिस्टरला नंबर नोंदणी झालेल्या बागेचा लागला. भाऊ म्हणाले, ‘ताई, भावाभावांच्या बागा, बांध एक, ब्लोअर एक, औषध एकाच टाकीतलं. याचा रिपोर्ट क्लीन आहे म्हणजे त्याचाही असणार. सकाळी सहाला गाडी निघायचीये.’ ताईंनी सही केली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तसंच, चाळीस क्रेट. म्हणजे माझ्याकडे यायला लागल्यानंतर.

भाऊंचं बोलणं खोटं होतं असंही नाही. माल बहुधा खरंच चांगला होता. कुठेच काही सापडलं नाही, आजपर्यंत. पण हाताने पूर्ण सही करायला नकार दिला होता, आणि डोक्याला तो नकार महिनाभर कळला नव्हता.

मी विचारलं, हे तुम्हाला इतकं का लागलं? साठ क्रेटच तर होते. तेव्हा त्यांनी २०१० चा उन्हाळा सांगितला. निफाड तालुक्यात तो कोणाला सांगावा लागत नाही. त्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड सापडलं. बागेत शेंड्याची वाढ रोखायला ते सर्रास वापरायचे, लिहोसिन म्हणून सगळ्यांना ठाऊक. इथे होणाऱ्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच, आणि तिकडची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर बंदरात अडकले, माल नाकारला गेला, निर्यातदारांनी हात वर केले आणि शेतकऱ्यांचे पैसे राहिले. ताई तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी होत्या. वडील रोज संध्याकाळी ओट्यावर बसून फोनची वाट बघायचे. दोन वर्षांनी त्यांनी अर्धी बाग तोडली.

‘अण्णांनी काही चुकीचं केलं नव्हतं,’ ताई म्हणाल्या. ‘कागद कुठेतरी अपुरा होता, आणि बुडाले अण्णा.’

पहिल्या दिवशी उचललेला ‘प्रामाणिकपणा’चा पत्ता आणि हे वाक्य, दोन्ही एकाच गोष्टीबद्दल आहेत म्हटलं तर आहेत. पण पत्त्याच्या भरवशावर कोणी नोकरी पणाला लावत नाही. या वाक्याच्या भरवशावर लावू शकतं. मूल्य शोधायचं तर शब्दांच्या यादीपेक्षा तीन प्रश्न मला जास्त कामाला येतात: कशाचा राग अजून गेलेला नाही, कशापायी स्वतःचं नुकसान सोसलंय, आणि कोणाचा हेवा वाटतो. ताईंच्या बाबतीत पहिल्याच प्रश्नात काम झालं.

दोन मूल्यं, एकच रकाना

इथे गोष्ट संपायला हवी होती. सचोटी महत्त्वाची, मग सही करू नका, झालं. पण दुसऱ्या बाजूला भाऊ होते, आणि दवाखान्याचं ते बिल. उपकाराची जाण हेही ताईंचं तितकंच खरं मूल्य. ते भीतीचं सोंग नव्हतं. मी आधी तसं समजत होते, हे कबूल करते.

शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये मूलभूत मूल्यांचं जे वर्तुळ मांडलं त्यात दहा मूल्यं आहेत. शेजारची एकमेकांना धरून चालतात, समोरासमोरची भांडतात, असा त्याचा ढोबळ अर्थ. गंमत अशी की त्या वर्तुळात प्रामाणिकपणा आणि निष्ठा एकाच घरात बसवलेत, आपल्या माणसांचं भलं बघण्याच्या घरात. पुस्तकात सख्खे शेजारी, आणि गेटवरच्या रकान्यात सख्खे वैरी. याला मी सिद्धांताचा दोष म्हणणार नाही. आपल्याकडे नोकरी देणारा हा फक्त मालक नसतो, तो भाऊ असतो, आणि भावाशी प्रामाणिक राहणं म्हणजे त्याचं ऐकणं की त्याला थांबवणं, हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

कोणकोणते पर्याय होते

आम्ही एका दुपारी कागदावर मांडले. गप्प राहून हंगाम काढायचा, हा पहिला, आणि बहुतेक माणसं हाच घेतात. दुसरा, तडक राजीनामा. ताईंना तो फार मोहवत होता. पण मार्चमध्ये क्वालिटीचं माणूस निघून गेलं तर भाऊ अडचणीत येणार, टेबलावरच्या चाळीस बायकांची मजुरी अडणार, आणि रजिस्टरवर सही करायला कोणीतरी पोरगं बसणारच. तिसरा, बाहेर तक्रार. हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज बसला. चौथा, भाऊंशी बोलणं.

यजमानांचं मत स्पष्ट होतं: ‘दोन महिने डोळे मिट. मुलाचे क्लास लावायचेत.’ घरच्या माणसाने असं म्हटलं की समुपदेशकाला तो खलनायक वाटायला लागतो. तसं नव्हतं. २०१३ चे सहा महिने त्यांनीही काढले होते. त्यांना सगळ्यात मोलाचं वाटतं ते महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगाराचं निश्चिंतपण, आणि त्यांनी ते कमावलेलं आहे.

या कागदावरून एक कळलं. ‘राहू की सोडू’ या प्रश्नाचं उत्तर मूल्यं देत नव्हती. राहिले तरी सचोटी सांभाळता येईल, सोडली तरी मोडता येईल. मूल्यं फक्त इतकं सांगत होती, की राहायचं तर कोणत्या अटीवर आणि जायचं तर कोणत्या रीतीने. ध्येय आणि मूल्य यांतला हा फरक मी नेहमी मुलांच्या अभ्यासावरून सांगते. दहावीला नव्वद टक्के हे ध्येय, निकालाच्या दिवशी संपतं. पोराचं नीट ऐकून घेणं हे मूल्य, ते निकालानंतरच्या सोमवारीही तसंच शिल्लक असतं.

काय केलं

ताई त्याच आठवड्यात बोलायला तयार होत्या. मी थांबवलं. म्हटलं, हंगामाच्या गर्दीत नको, भाऊ दमलेले असतील, एप्रिलअखेर निवांत बोला. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. त्यानंतर दहा दिवसांनी पंच्याऐंशी क्रेटचा तिसरा लॉट आला आणि त्यावरही दोन आद्याक्षरं पडली. त्या वेळी मात्र ताईंना पेन टेकवतानाच कळत होतं. फोन करून एवढंच म्हणाल्या, ‘मॅडम, आता थांबायला सांगू नका.’

मग आम्ही तयारी केली. माझ्या खोलीत मी भाऊ झाले. पहिल्या खेपेला ताई दहा मिनिटं भाऊंच्या उपकारांवर बोलल्या आणि मुद्द्याशी पोचल्याच नाहीत. शेवटी मीच, म्हणजे भाऊंनी, ‘बरं बरं, चहा घ्या’ म्हणून विषय संपवला. दुसऱ्या खेपेला चिडल्या, रडल्या. तिसऱ्या खेपेला आम्ही दोन वाक्यं कागदावर लिहिली आणि ठरवलं की आधी ही, उपकार नंतर.

पाडव्याच्या दोन दिवस आधी, सकाळी सातला, मजूर यायच्या आत, वजनकाट्यापाशी चहा घेताना त्यांनी ती म्हटली: ‘भाऊ, ज्या क्रेटवर मी पूर्ण सही करू शकत नाही त्यावर अर्धीही करणार नाही. तो माल कुठे लावायचा ते तुम्ही ठरवा, रजिस्टरला मी खरा प्लॉट लिहीन.’

भाऊंनी कप खाली ठेवला. ‘तुम्हाला मी बहिणीसारखं वागवलं, ताई.’

‘म्हणून तर तुमच्यापाशी आलेय. दुसरीकडे कुठे गेले नाही.’

हे शेवटचं वाक्य आमच्या तयारीत नव्हतं. ते त्यांचं त्यांना सुचलं, आणि माझ्या मते सगळं प्रकरण त्याच वाक्यात सुटलं, कारण दोन्ही मूल्यं पहिल्यांदा एका बाजूला उभी राहिली.

पुढे काय झालं

चार दिवस भाऊ बोलले नाहीत. निरोप हिशेबनिसामार्फत. पाचव्या दिवशी गेटवर रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे आले: प्रत्येक प्लॉटला वेगळा रंग, बागेतच क्रेटला लावायची, चिठ्ठीशिवाय क्रेट टेबलावर जाणार नाही. भाऊंनी हे कोणाला समजावून सांगितलं नाही, नुसते गठ्ठे ठेवून गेले. उरलेल्या हंगामात दोन लॉट युरोपच्या कंटेनरमधून काढून स्थानिक व्यापाऱ्याला दिले. ताईंच्या अंदाजाने भाऊंना साठ हजारांच्या आसपास फटका बसला. ताईंची झोप सुधारली. मुलावर ओरडणं कमी झालं, बंद झालं नाही.

इथे लेख संपवला असता तर फार छान दिसला असता. पण जानेवारी २०२५ मध्ये पुढचा हंगाम सुरू झाला आणि भाऊंनी रात्रपाळीला एक नवीन मुलगा घेतला. संध्याकाळी सातनंतरची सही त्याची. ‘तुम्हालाच घरी लवकर जायचं होतं ना?’ भाऊ म्हणाले, आणि ते खरंही होतं. ताई रोज साडेसातला घरी पोचायला लागल्या. सकाळी रजिस्टर उघडून रात्रीच्या ओळी बघायच्या. सगळं व्यवस्थित दिसायचं. चिठ्ठ्यांचे रंगही जुळायचे. पण रात्री काय झालं ते त्यांना कळायचा मार्ग नव्हता.

भाऊंनी हे मुद्दाम केलं का? मला माहीत नाही, ताईंनाही नाही. ताईंनी फेब्रुवारीतच सांगून टाकलं की हंगाम पूर्ण करून मे महिन्यात निघेन. मध्येच सोडून जाणार नाही, नवीन मुलाला सगळं शिकवून जाईन. जाताना त्यांनी त्याला काय शिकवलं विचारलं तर म्हणाल्या, ‘ब्रिक्स मीटर कसं पुसायचं ते. आणि सही कायम एकच करायची.’

आता त्या शेतकऱ्यांच्या एका उत्पादक कंपनीत आहेत. काम बागेच्या बाजूचं: फवारणीच्या नोंदी ठेवायला लावणं, कोणत्या औषधानंतर किती दिवस काढणी थांबवायची ते समजावणं, सॅम्पलच्या दिवशी हजर राहणं. पगार २४,५००. महिन्याला साडेसात हजारांचा खड्डा.

जुलैमध्ये तोच तक्ता पुन्हा भरला. काम ८ आणि ७. कुटुंब १० आणि ६. तब्येत ७ आणि ३, चालायला जायचं अजून ठरतंच आहे. पैसा या क्षेत्राचं महत्त्व मात्र ६ वरून ८ झालं. तेही बरोबरच आहे.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

पहिल्या भेटीत पत्ते काढणार नाही. आधी गेला आठवडा, मग राग, शब्द सगळ्यात शेवटी. आणि कोणी म्हणालं की सुट्टीत जास्त त्रास होतो, तर तिथेच थांबेन.

‘हंगाम संपेपर्यंत थांबा’ हा सल्ला देणार नाही. तिसरा लॉट अंशतः माझ्या खात्यावर आहे. मी ताईंच्या तयारीपेक्षा भाऊंच्या मूडची काळजी जास्त केली. संभाषण अवघड आहे म्हणून पुढे ढकलताना आपण त्याला ‘योग्य वेळ’ म्हणतो, हे मी लोकांना शिकवते आणि स्वतः विसरले.

तक्रारीचा पर्याय मी कागदावर लिहिला आणि पटकन पुढच्या ओळीवर गेले. ताईंनी नंतर विचारलंही होतं, ‘मी गप्प राहिले म्हणजे मीही त्यात आले का?’ त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कायदा आणि निर्यातीचे नियम जाणणाऱ्या माणसाकडे त्यांना त्याच आठवड्यात पाठवायला हवं होतं. मनाची उलघाल ऐकून घेणं एक आणि जबाबदारी कुठवर जाते ते सांगणं वेगळं. दुसरं माझं काम नाही हे मी उघड बोलायला हवं होतं.

आणि यजमानांना एकदा तरी बोलवायला हवं होतं. पगार कमी झाल्याचं त्यांनी सोसलं, पण ठरवताना ते खोलीत नव्हते. त्यांची कुरकुर अजून आहे, आणि मला ती रास्त वाटते.

गेल्या महिन्यात ताई हा लेख वाचायला आल्या होत्या. वाचून झाल्यावर दोन तपशील बदलायला लावले, भाऊंबद्दलचं एक वाक्य काढायला लावलं. निघताना चपला घालता घालता हसल्या. म्हणाल्या, ‘सचोटी वगैरे छान लिहिलंय मॅडम. पण आमच्या आईंना मी अजून पगार बत्तीसच सांगते.’